आमची वाटचाल : ज्या फुलाचं तेल निघत नाही

२०११ साली नाशिकच्या अंबडमधल्या एका गाळ्यात आम्ही दोघा भावांनी अगरबत्तीची कंपाउंडं, म्हणजे सुवासाची तयार मिश्रणं, करायला घेतली. मोगरा, केवडा, गुलाब. नाशिकला पूर्वी गुलशनाबाद म्हणत. त्या गावात सुवासावर घर चालतं, याचा मला अभिमान आहे.

२०१७ मध्ये एका साबणवाल्याने ‘लिली ऑफ द व्हॅली’ मागितलं. हे थंड मुलखातलं फूल, युरोपात मे महिन्यात फुलणारं, पांढऱ्या इवल्या घंटांचं. मी ते पाहिलंही नव्हतं. भाचा तेव्हा जर्मनीत शिकत होता. त्याने एक तुरा वहीत दाबून आणला, तर त्याला नुसता कागदाचा वास! मग वाचलं, ताज्या फुलांतूनही धंद्यापुरतं तेल निघत नाही. हा वास सगळे जुळवूनच करतात. १९५६ च्या ‘दिओरिस्सिमो’ या अत्तरासाठी सुगंधकार एडमंड रुडनित्स्का यांनी ही झाडं आपल्या बागेत लावून वास अभ्यासला होता. आमची बाग म्हणजे भाचा. पुढच्या मे महिन्यात तो फुलांपुढे उकिडवा बसून फोनवर सांगायचा, “मामा, आधी ओलं गवत, मग गुलाब, मागून लिंबाची साल,” आणि मी लिहून घ्यायचो.

मुख्य आधार हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल या सुवासिक रसायनाचा. तो गवती चहाच्याच कुळातल्या सिट्रोनेला गवताच्या तेलातूनही करता येतो. गुलाबासाठी फिनाइल इथाइल अल्कोहोल, हिरवेपणासाठी सिस-३-हेक्सेनॉल. तरी वास साबणाच्या वडीसारखा सपाट येई. शेवटी इंडोल हे रसायन घातलं, हजारात एक भाग. बाटलीत तो डांबराच्या गोळ्यांसारखा घाण वास मारतो, पण मोगऱ्यातही तोच असतो. मिश्रणात बुडवलेली कागदाची पट्टी आईच्या नाकाशी धरली. ती म्हणाली, “आत्ता कुठे हे फूल जिवंत झालं रे.”

२०२२ च्या मार्चपासून युरोपने सौंदर्यप्रसाधनांत लिलियालवर, म्हणजे याच फुलासारख्या वासाच्या कृत्रिम रसायनावर, बंदी घातली. आमच्या मिश्रणात तो होता. एका निर्यातदाराने अख्खा माल परत केला. नियम ठाऊक असायला हवा होता, ती चूक माझीच. कर्ज काढून पुन्हा पहिल्यापासून मांडणी केली. आता प्रत्येक घटकाचा कागद तपासल्याशिवाय डबा उघडत नाही.

सध्याचा नमुना एकेचाळिसावा. आमच्या उन्हाळ्यात अल्डिहाइडं (हायड्रॉक्सिसिट्रोनेलालसारखी वासाची रसायनं) लवकर बिघडतात, म्हणून एक बाटली मुद्दाम पत्र्याखाली ठेवली आहे. दर सोमवारी पट्टी बुडवतो. सहा आठवडे झाले, गवताचा ओलावा अजून टिकून आहे.