अस्वल लांबूनच दिसलं

स्वालबार्डहून परत आल्यापासून प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला आहे. सोसायटीतल्या बायका, सकाळी वेताळ टेकडीवर भेटणारी मंडळी, आणि माझा भाचा तर घ्यायला आला तिथे विमानतळावरच: “मावशी, अस्वल किती जवळून दिसलं?”

ते ध्रुवीय अस्वल लांबून दिसलं. चांगलं लांबून. आणि तसंच दिसलं याचा मला मनापासून आनंद आहे. गप्पांच्या ओघात हे नीट सांगून होत नाही, म्हणून इथे लिहितेय.

स्वालबार्ड हा नॉर्वेच्या उत्तरेचा द्वीपसमूह. ऑस्लोहून विमानाने लॉन्गयिअरब्येनला उतरायचं, ते गावच ७८ अक्षांशावर, आणि तिथून बोटीने पुढे. आम्ही दोघी बहिणी जुलैच्या अखेरीस गेलो. तिथे साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही. वेदकाळच्या आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडे होतं असं मांडणाऱ्या लोकमान्य टिळकांची आठवण काढून टेकडीवरच्या एका काकांनी “वेदातल्या उषासूक्तांतली ती लांबलचक पहाट बघून या” असं बजावलं होतं. काका, त्या पहाटेसाठी हिवाळ्याच्या शेवटी जायला हवं, सूर्य परत यायच्या बेतात असतो तेव्हा.

पहिल्यांदा किनाऱ्यावर उतरण्याआधी सगळ्यांचे कपडे तपासले. जॅकेटचे खिसे, बॅगांचे कोपरे, व्हेल्क्रोच्या पट्ट्या, सगळ्यावर व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा आणि बूट जंतुनाशकात बुडवायचे. माझ्या बॅगेच्या व्हेल्क्रोत एक कुसळ निघालं. आपल्या टेकडीवरच्या गवताचं, दुसरं कशाचं असणार! गाइडने ते चिमट्याने ओढून काढलं आणि डबीत टाकलं. परकं बी तिथल्या मातीत पडून रुजू नये म्हणून हा सगळा खटाटोप. तिथली हवा इतक्या झपाट्याने तापतेय, की पूर्वी जे बी तिथे तगलं नसतं ते आता तगू शकतं.

अस्वल दिसलं ते रात्री अकराच्या सुमारास, लख्ख उन्हात. स्पीकरवर हलक्या आवाजात घोषणा झाली, जॅकेटं चढवून सगळे डेकवर. इंजिन मंदावलं. ईशान्येकडच्या बेटांजवळ वाहत आलेल्या बर्फावर एक पिवळसर ठिपका होता. बर्फावर ते पांढरं दिसत नाही, पिवळं दिसतं. स्पॉटिंग स्कोपला डोळा लावला तेव्हा कळलं, की ते सीलच्या श्वास घ्यायच्या भोकापाशी बसलंय. नाक भोकाकडे, पुढचे पंजे जवळ घेतलेले. आम्ही बराच वेळ बघत होतो. तेवढ्यात त्याने एकदाच मान वळवली, तीही वाऱ्याकडे. आमची दखल त्याने घेतली नाही. सील काही वर आला नाही, आणि शेवटी बोटच हळूहळू मागे सरकली.

१ जानेवारी २०२५पासून तिथे नियम आहे: अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. वसंतात सीलची पिल्लं जन्मतात, आणि अस्वलाला बहुतेक चरबी त्याच दिवसांत अंगावर चढवून घ्यायची असते. पुढचा उन्हाळा त्या साठ्यावर काढायचा. जाड चरबी आणि दाट केस यांमुळे ते थंडीत टिकतं, पण पळावं लागलं की लगेच तापतं. बोटीला बिचकून उठलं, तर हातची शिकार गेली आणि साठवण उगाच जळाली. स्वालबार्डच्या परिसरातच राहणारी अस्वलं सगळी मिळून तीनशेच्या आसपास. बर्फाचे दिवस कमी होत चाललेत.

आपल्याकडच्या एका अभयारण्यात मी जिप्सींच्या गराड्यात सापडलेली वाघीण बघितली आहे. बछडी रस्त्याच्या अलीकडे, ती पलीकडे, मध्ये गाड्या आणि वर धरलेले मोबाइल. रस्ता ओलांडायला तिला पाव तास लागला. जवळून बघण्याची ही किंमत कोण मोजतं, ते मी तेव्हा बघितलं.

खरं विचाराल तर मला अस्वलापेक्षा आल्केफ्येले जास्त आठवतं. हिनलोपेन सामुद्रधुनीतला हा उंच कडा, काळ्या डोलेराइटच्या उभ्या खांबांचा. आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टचा जातभाईच. त्याच्या कपारींत ब्रुनिक गिलेमॉट या समुद्रपक्ष्याच्या सुमारे साठ हजार जोड्या वीण करतात. घरटं नाही, उघड्या दगडावर एकच अंडं. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं, की उडता येत नसताना थेट खाली समुद्रात उडी घेतं. बाप बरोबर असतो, आणि पुढचे काही आठवडे समुद्रावर तोच त्याला भरवतो. आम्ही खाली रबरी झोडिॲक बोटीत होतो. आवाज इतका, की शेजारी बसलेली बहीण काय म्हणतेय ते कळेना. एक पिल्लू पाण्याऐवजी दगडांवर पडलं, उठलं, आणि पाण्याच्या दिशेने लटपटत निघालं. उन्हाळी तपकिरी अंगाचा कोल्हा खालीच टपून होता. त्याने ते उचललं आणि चढावर पळाला. बोटीतली एक बाई “काहीतरी करा ना” म्हणाली. गाइडने नुसती मान हलवली. कोल्ह्यालाही पिल्लं असतात.

न्यू-ऑलसुंडला भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे, २००८पासून. पाटीवर आपल्या देशाचं नाव बघून डोळे भरून आले. त्या गावात फोनचं वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद ठेवावं लागतं, कारण तिथले अँटेना क्वेसारांच्या, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांच्या, क्षीण रेडिओलहरी टिपतात. खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघून आलेल्यांना हे नवीन नाही. चालायचं ते रस्त्यावरूनच, कारण कडेला सुरय पक्ष्यांची अंडी-पिल्लं. एक सुरय माझ्या टोपीवर चोच मारून गेला, तेव्हा आम्ही मुकाट्याने दुसऱ्या बाजूने गेलो.

जायचं असेल त्यांच्यासाठी. स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे, म्हणून परत ऑस्लोत शिरता यावं असा, किमान दोनदा प्रवेशाचा शेंगेन व्हिसा घ्या. तिथल्या संरक्षित भागात आता दोनशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या बोटींना मज्जाव आहे, तेव्हा बुकिंग करताना प्रवासीसंख्या विचाराच. “अस्वल जवळून दाखवू” असं कुणी सांगितलं, तर ती बोट सोडून द्या. थर्मल पुण्यात मिळतात. आणि आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) चांगली दुर्बीण घ्या, दोघांत एक नको, प्रत्येकाला स्वतःची.