लाइन मेली तरी राउटर बॅकअपवर का जात नाही

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत दोन-दोन इंटरनेट लाइन घेतलेल्या लोकांची एकच तक्रार ऐकतोय, सिंहस्थाच्या कामात कुठेतरी जेसीबीने फायबर उडवली की मेन लाइन जाते पण बॅकअप काही उचलत नाही, शेवटी कोणीतरी वैतागून मेनची केबल उपटतो आणि लगेच सगळं चालू, मग काय, राउटर बोगस.

राउटर बोगस नाहीये हो. स्टॅटिक रूटला, म्हणजे हाताने टाकलेल्या रस्त्याला, पोर्ट अप आहे की डाऊन एवढंच कळतं. फायबर तुटली बाहेर रस्त्यावर, पण टेबलावरचा ओएनयू, म्हणजे फायबर जिथे येते तो आयएसपीचा डबा, चालूच आहे, लॅनचा लाइट लुकलुकतोय, मग डिस्टन्स १ चा मेनचा रूट जाईल कशाला, आकडा लहान त्याचा नंबर आधी. २ वाला बॅकअप आपला बसलाय वाट बघत.

मायक्रोटिक कंपनीचे राउटर वापरणारे म्हणतील चेक-गेटवे पिंग लाव, म्हणजे पुढचा टप्पा उत्तर देतोय का ते राउटर बघत राहील. लावा ना, पण तो पिंग करतो गेटवेला, आणि गेटवे म्हणजे बहुतेक वेळा तोच डबा, १९२.१६८.१.१, तो तर उत्तर देणारच! म्हणून बाहेरचा एखादा पत्ता धरायचा, गूगलच्या डीएनएसचा ८.८.८.८ घ्या, ८.८.८.८/३२ चा वेगळा रूट मेन लाइनच्या गेटवेवर टाकायचा, स्कोप १०, आणि डीफॉल्ट रूटला (बाकी सगळ्या इंटरनेटचा रस्ता) गेटवे म्हणून ८.८.८.८ च द्यायचा, टार्गेट स्कोप ११ (या दोन आकड्यांमुळे राउटर ८.८.८.८ चा रस्ता त्या वेगळ्या रूटवरून शोधतो), चेक-गेटवे तिथे. आता लागोपाठ दोन पिंग चुकले की रूट खाली. फक्त पीसींना डीएनएस ८.८.८.८ देऊ नका, कारण तो पत्ता मेलेल्या लाइनलाच बांधलेला राहतो, बॅकअप चालू असूनही लोक ओरडतात नेट नाही.

पॉलिसी राउटिंगमध्ये, म्हणजे कोणाचं ट्रॅफिक कुठल्या लाइनवर ते आपण ठरवतो त्यात, वेगळीच गंमत. अकाउंट्सचे पीसी दुसऱ्या लाइनवर टाकायला मँगलमध्ये (पॅकेटवर खूण करायचे रूल) राउटिंग मार्क लावला आणि व्हीपीएन टनेलमधून जोडलेला सिन्नरच्या प्लांटचा सर्व्हर दिसेनासा झाला, असं हमखास होतं. मार्क लागलेलं पॅकेट त्या वेगळ्या टेबलात बघतं, तिथे नुसता डीफॉल्ट, मग सिन्नरचं पॅकेटही टनेल सोडून थेट आयएसपीकडे. लोकल आणि सिन्नरच्या सबनेटकडे जाणाऱ्या पॅकेटसाठी मँगलमध्ये ॲक्सेप्टचा रूल सगळ्यात वर ठेवा, म्हणजे त्यांना मार्कच लागत नाही. आणि फास्टट्रॅक (राउटरचा वेग वाढवायचा शॉर्टकट) चालू असेल तर त्या कनेक्शनची पॅकेट्स मँगलला बगल देऊन जातात, थोडं चालतं थोडं नाही असला प्रकार दिसला की आधी तेच बघा.

टेस्ट मात्र राउटरची केबल काढून करू नका, त्यात पोर्ट डाऊन होतो आणि कुठलाही कॉन्फिग पास होतो. ओएनयूच्या मागची पिवळी फायबर काढा, वाकवू नका फक्त.