कुड्याच्या नावातला गुरू

आज कुड्याची पानं उलटून निवांत पाहिली. कोवळ्या पानाला मागून मऊ लव असते. शास्त्रीय नावात तीच आलीय: होलॅऱ्हेना प्युबेसेन्स. जुना लॅटिन उच्चार पू-बेस्-केन्स. 'पूबेस' म्हणजे लव, 'एस्क' म्हणजे होत जाणं, शेवटी वर्तमानकाळी धातुसाधिताचा 'एन्स'. लव धरत जाणारा! किती नेमकं.

लॅटिन आघाताचा, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा याचा, नियम तर वृत्तं शिकलेल्याला लगेच कळेल. शेवटून दुसरं अक्षर जड (आपल्या वृत्तांतला गुरू) असेल तर आघात तिथेच, नाहीतर एक घर मागे. 'बेस्' जड, म्हणून पू-बेस्-केन्समध्ये आघात 'बेस्'वर. आपल्याकडेही जोडाक्षराआधीचा लघु गुरू होतोच ना! मुचकुंदाच्या शास्त्रीय नावातल्या आकेरिफोलिउममध्ये मात्र 'लि' हलकं, त्यामुळे आघात 'फो'वर. वनस्पतिशास्त्राच्या मुलांना हे शिकवायलाच हवं.