वरंधा घाटात येझडीचा बेंड पाईप तडकला

पुण्याहून पहाटे साडेपाचला निघालो. भोर, वरंधा घाट, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर आणि वाईमार्गे परत, असा दोन दिवसांचा बेत. माझी दोन सायलेन्सरवाली येझडी वडिलांच्या वेळची, मित्राची बुलेट. भोरपर्यंत सगळं सुरळीत.

नीरा-देवघरच्या पाण्याकडेने जाताना आवाज बदलला. थ्रॉटल सोडला की ठेक्यात मध्येच ‘फट्’ वाजायचं. गाडी थांबवली तर उजव्या नडगीवर पँटला काळे तेलकट ठिपके. बेंड पाईपवर, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे धूर नेणाऱ्या वाकड्या पाईपवर, सिलिंडरच्या नटाखाली दोन बोटांवर, केसासारखी चीर आणि तिच्या कडेने पाझरलेलं जळकं टूटी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोक तेल). जवळपास अर्धा घेर गेला होता.

चहाच्या टपरीवर तेलाचा रिकामा डबा मिळाला. पाईप गार झाल्यावर पत्र्याची दुहेरी पट्टी गुंडाळून दोन होज क्लिपा आवळल्या. या दोन क्लिपा टूलकिटमध्ये ठेवाच. इपॉक्सीची पुट्टी इथे लावू नका, त्या उष्णतेत ती जळून गळून पडते. तिशीच्या वेगाने घाट उतरून महाड गाठलं.

गॅस वेल्डिंगवाला शोधा. जुन्या, पातळ झालेल्या पाईपला आर्क वेल्डिंगने भोकं पडतात. चिरेच्या दोन्ही टोकांना 3 मिमीचं भोक पाडायला सांगा, नाहीतर ती वेल्डिंगच्या पुढे सरकते. जोडाजवळचं क्रोम आधी घासून काढायचं. ते तापल्यावर निघणारा धूर विषारी असतो. पाईप काढलेला असताना सिलिंडरच्या तोंडात ओलं फडकं कोंबा आणि गाडी ठिणग्यांपासून लांब उभी करा. आमच्या कारागिराने पितळ भरून जोड घेतला. भरून झाल्यावर पाण्यात न बुडवता पाईप आपोआप गार होऊ दिला, तेव्हाच माणूस जाणकार आहे हे कळलं.

पण चीर रस्त्यामुळे पडली नव्हती. आदल्याच आठवड्यात नवे सायलेन्सर बसवले होते. मागच्या ब्रॅकेटचं भोक जुळेना म्हणून मेकॅनिकने पाईप ओढून बोल्ट घातला, आणि मी शेजारी उभा राहून ते पाहिलं होतं. तसा ताणलेला पाईप इंजिनाच्या प्रत्येक थरथरीला त्याच जागी वाकत राहतो. येझडीला मधे काही लवचिक नाही. नट पाईपला सिलिंडरवर घट्ट धरतो आणि मागे ब्रॅकेट धरतो. म्हणून सगळे बोल्ट आधी हाताने सैल लावा. नवीन गॅस्केट (सांधा बंद करणारी चकती) टाकून पुढचा, सिलिंडरवरचा नट हुक पान्याने (नटाच्या खाचेत अडकणाऱ्या आकड्याच्या पान्याने) आवळा, मग सायलेन्सरचा क्लॅम्प, आणि मागचं ब्रॅकेट सगळ्यात शेवटी. भोक जुळत नसेल तर कानसीने लांबट करा किंवा वॉशर घाला, पण पाईप ओढू नका. नट छिन्नी-हातोडीनेही ठोकू नका. सिलिंडरचे आटे गेले की काम पाईपापेक्षा फार महागात जातं.

जाणाऱ्यांसाठी: टाकी भोरलाच भरा. पावसाळ्यात वरंधा घाट बऱ्याचदा बंद असतो, निघण्याआधी चौकशी करा. पुढचा नट पहिल्या 40-50 किलोमीटरनंतर एकदा तपासायचाच, कारण नवीन गॅस्केट दबतं. आम्ही रात्री महाडलाच राहिलो आणि सकाळी आंबेनळी चढून प्रतापगडाच्या फाट्यावर थांबलो. पाईप गार झाल्यावर हुक पाना लावला. नट पाव फेरा फिरला.