झेरॉक्सच्या दुकानात लिनक्स आणलं, माझा अनुभव

नागपूरला मानेवाडा रोडवर माझं छोटं दुकान आहे, झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो सगळं एकाच गाळ्यात. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, एक मोठी झेरॉक्स मशीन आणि टायपिंगला एक मुलगी. जून म्हणजे आमचा सीझन, रिझल्ट लागले की डोमिसाइल, नॉन क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, गर्दीच गर्दी, आणि ऊन उतरलेलं नसतं म्हणून कूलरचं तोंड लाइनीकडे वळवून ठेवावं लागते.

२०२३ च्या जूनमधली गोष्ट. फॉर्ममध्ये पीडीएफ अपलोड करायची तर २०० केबीच्या आत पाहिजे आणि आमचं फुकटवालं सॉफ्टवेअर दर पानावर स्वतःचा शिक्का मारायचं, म्हणून मी एका चांगल्या पीडीएफ एडिटरचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालणारी चोरीची कॉपी, शोधला. शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झाल्यावर डाउनलोड केला. सोबत सूचना होती की आधी अँटिव्हायरस बंद करा. मी बंद केला. हे लिहिताना आजही पोटात गोळा येतो. फाइल चालवली, पीडीएफ एडिटर काही आला नाही, पण थोड्या वेळानं विंडोज अपडेटसारखी एक खिडकी आली, टक्के मोजून राहिली होती. मी म्हटलं अपडेट होऊन राहिलं, होऊ दे, मशीन चालूच ठेवली आणि शटर ओढून घरी गेली. रविवारी दुकान बंद.

सोमवारी पाहते तर सगळ्या फायलींचे आयकॉन पांढरे. नाव तेच, पुढे जेपीजी लिहिलेलं, पण त्याच्याही पुढे चार अक्षरं नवीन चिकटलेली. प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची एक टेक्स्ट फाइल. इंग्रजीत लिहिलं होतं की ९८० डॉलर द्या, ७२ तासांत बोलाल तर ४९०. तेव्हाच्या भावानं ४९० म्हणजे चाळीस हजार रुपये. त्या मशीनमध्ये नऊ वर्षांचं काम होतं, अर्जांचे नमुने, शपथपत्रांचे मसुदे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे लोकांचे आधार, पॅन, मार्कशीट, टीसी स्कॅन केलेले. लोकच म्हणायचे, ताई तुमच्याकडे ठेवून द्या, पुढच्या वेळी पुन्हा आणायला नको, आणि मी ठेवून द्यायची.

माझा भाचा इंजिनीअरिंगला होता तेव्हा, त्याला फोन केला. तो पहिलं वाक्य काय बोलला, "मावशी, आधी नेटची वायर काढ." मग दुपारी आला, ती चार अक्षरं आणि रीडमी पाहून म्हणाला हा स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचा रॅन्समवेअर आहे, म्हणजे फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस, मोठ्या कंपन्यांच्या मागे लागत नाही, क्रॅक आणि कीजेन (खोटी लायसन्स की बनवणारं) शोधणाऱ्या आपल्यासारख्या लोकांनाच धरतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एम्सीसॉफ्ट कंपनीनं याच्या जुन्या प्रकारांसाठी फुकट डिक्रिप्टर, म्हणजे फायलींचं कुलूप उघडणारं टूल, काढला होता, तो चालवून पाहिला. आमच्या फायली ऑनलाइन किल्लीनं बंद झाल्या होत्या, म्हणजे किल्ली त्या चोरांच्याच सर्व्हरवर, त्यामुळं काही झालं नाही. हा व्हायरस प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा दीडेकशे केबीचाच भाग बिघडवतो, मोठा व्हिडिओ असला तर थोडाफार वाचतो, पण माझे स्कॅन तर शंभर-सव्वाशे केबीचेच, म्हणजे पूर्ण गेले.

पैसे दिले नाहीत. देऊन किल्ली मिळेलच याची काय गॅरंटी, आणि दिले तर तो पुढच्या दुकानाला धरणार.

पण भाच्यानं जे नंतर सांगितलं त्यानं मी खरी घाबरली. हा व्हायरस बहुतेक वेळा एकटा येत नाही, सोबत पासवर्ड चोरणारा एखादा प्रोग्राम घेऊन येतो, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेलं सगळं उचलून नेतो. माझ्या क्रोममध्ये माझे पासवर्ड होते आणि निदान चाळीस गिऱ्हाइकांचे पण होते, कारण फॉर्म भरताना ईमेल आयडी मीच काढून देते. मग त्या दिवशी दुकान बंद ठेवून मी दुसऱ्या मोबाइलवरून आधी माझे आणि बँकेचे पासवर्ड बदलले, नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली, आणि रजिस्टर काढून एकेकाला फोन लावला. हे सगळ्यात कठीण होतं. एक काका चिडले, त्यांचं बरोबर होतं. एका मुलीची आई म्हणाली ताई तुम्ही स्वतः सांगितलं ते बरं केलं, आणि मला फोन ठेवल्यावर रडू आलं.

थोडंफार वाचलं ते फोटोरेकनं. हे फुकटचं आणि ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही पाहता येते, आणि डिलीट झालेल्या फायलींचे तुकडे डिस्कवरून शोधून काढते. भाच्यानं रात्रभर लावून ठेवलं, सकाळी हजारो फायली, कुणाचंच नाव नाही, सगळे आकडे. त्यातून माझे शपथपत्रांचे नमुने मी दोन आठवडे बसून वेगळे केले.

आता दुकान चालू कशावर करायचं? ती मशीन २०१४ ला असेंबल केलेली, चौथ्या पिढीचा आय थ्री, ४ जीबी रॅम. त्यात विंडोज होतं पण तेही चोरीचंच, हे सांगायला लाज वाटते पण आपल्याकडे असेंबल करून घेतलं की तसंच मिळते, कुणी विचारत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप पाहिजे, ते या मशीनला जमणार नव्हतं. भाचा म्हणाला लिनक्स मिंट टाकू, विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी फुकटची ओपन सोर्स सिस्टिम. मी म्हटलं हे फुकटच आहे, ते क्रॅकवालं पण फुकटच होतं, मग फरक काय राजा?

त्यावर त्यानं मला जे करून दाखवलं ते मी कधी विसरणार नाही. मिंटच्या वेबसाइटवरून एक्सएफसीईवाली, म्हणजे जुन्या मशीनला झेपणारी हलकी, फाइल उतरवली, जवळपास तीन जीबीची. ती पेन ड्राइव्हवर टाकायच्या आधी त्यानं एक कमांड दिली आणि स्क्रीनवर अक्षरं-आकड्यांची एक लांबच लांब ओळ आली, ६४ अक्षरांची. तशीच ओळ मिंटवाल्यांनी आपल्या साइटवर दिलेली असते, आणि त्या यादीवर त्यांची डिजिटल सही पण असते. फायलीत एक अक्षर जरी कुणी बदललं तर पूर्ण ओळ बदलते. तो म्हणाला तू वाच, मी इकडे पाहतो. मी काउंटरवर बसून चार-चार अक्षरं वाचत गेली, तो हूं हूं करत गेला. जुळलं. मग सही तपासली, ती पण जुळली. मला वाटलं हा जरा जास्तच करून राहिला. तर म्हणाला २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटचीच वेबसाइट हॅक झाली होती, मिंटच्याच १७.३ सिनॅमन या प्रकाराची डाउनलोडची लिंक बदलून चोरदरवाजा असलेली फाइल लोकांना देऊन राहिले होते. मिंटवाल्यांनी स्वतःच ते जाहीर केलं. ज्यांनी ही ओळ आणि सही ताडून पाहिली ते त्यातून बचावू शकत होते.

फुकट तर दोन्ही होतं. क्रॅक कुणी बनवला, आत काय घातलं, हे विचारायला मला जागाच नव्हती. इथं फाइल कुठून आली, वाटेत कुणी हात लावला का, हे मी स्वतः, मानेवाड्याच्या दुकानात बसून, तपासू शकते.

एक २४० जीबीची एसएसडी घेतली, मिंट २१.२ टाकलं, टाकतानाच पूर्ण डिस्कला पासवर्ड लावला म्हणजे मशीन चोरीला गेली तरी आतलं वाचता येणार नाही. पुढचा महिना काही सोपा गेला नाही. पहिला अडथळा प्रिंटरचा. जुना लेझर, विंडोजवर मक्खन, इथं ड्रायव्हरच धड नाही, पहिलं पान निघालं की दुसऱ्याला अडकायचा. दोन रविवार गेले, शेवटी तो विकला आणि लिनक्सवर चालतो याची खात्री करून सेकंडहँड दुसरा घेतला. दुसरी पंचाईत टायपिंगची. आमची मुलगी टाइपरायटरच्या रेमिंग्टन कीबोर्डवर शिकलेली आणि जुने सगळे नमुने कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. फॉन्ट टाकल्यावर लिबरऑफिसमध्ये (हे एमएस ऑफिससारखंच, फुकटचं) ते उघडले, पण मी ठरवलं की आता कुठंही वाचता येते ते युनिकोडच, कारण कृतिदेवचा अर्ज मेलनं पाठवला आणि समोरच्याकडे फॉन्ट नसला तर नुसता कचरा दिसते. लिनक्सवर मराठी टाइप करायच्या आयबस प्रोग्राममध्ये रेमिंग्टनचा लेआउट सापडला तेव्हा तिच्या तोंडावर हसू आलं. मी स्वतः मात्र इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा दुसरा कीबोर्ड शिकली, तीन आठवडे लागले.

आणि ज्याच्यासाठी क्रॅक शोधला ते? पीडीएफ लहान करायला घोस्टस्क्रिप्ट, पानं मागेपुढे करायला पीडीएफ अरेंजर, फोटो आणि सही २० केबीत बसवायला गिंप. सगळं मिंटच्या आपल्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये होतं. कुठं भटकायची गरज नव्हती.

पेन ड्राइव्हचं सांगते. खरा फोल्डर लपवून तिथं खोटा शॉर्टकट ठेवणारा शॉर्टकट व्हायरस आपल्याकडे किती आहे ते दुकानवाल्यांना विचारा. एक मुलगा आला, म्हणाला ताई माझा पूर्ण प्रोजेक्ट गेला, फोल्डर उघडतच नाही. मिंटवर पेन ड्राइव्ह लावला तर एक शॉर्टकट आणि त्याच्या बाजूला एक बिननावाचा फोल्डर, विंडोजला लपलेला असतो तो, इथं सरळ दिसला. आत पूर्ण प्रोजेक्ट. त्याला कॉपी करून दिला, तो पोरगा दुसऱ्या दिवशी संत्रा बर्फी घेऊन आला.

पण लिनक्सला व्हायरस लागतच नाही असं कुणी म्हटलं तर मी मान्य करत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये भाचा रात्री घाईघाईनं फोन करून म्हणाला मावशी टर्मिनल (कमांड टाकायची खिडकी) उघड आणि एक्सझेडचं व्हर्जन पाहा. एक्सझेड म्हणजे फायली दाबून लहान करणारं एक साधं टूल, जवळपास सगळ्याच लिनक्समध्ये असते. त्यात जिया टॅन नावाच्या एका अकाउंटनं दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास कमावला आणि मग ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा घातला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनीअरनं, त्याच्या टेस्टिंगच्या मशीनवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागून राहिला होता म्हणून तो खोदत गेला आणि २९ मार्चला त्यानं सगळ्यांना उघड सांगितलं. माझ्याकडे ५.२.५ निघालं, म्हणजे आम्ही वाचलो. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की ओपन सोर्स आपोआप सुरक्षित नसते, कोड उघडा असून पण कुणी पाहिलाच नाही तर उपयोग काय, पण उघडा होता म्हणूनच तो माणूस मुळापर्यंत जाऊ शकला आणि बाकीच्यांनी लगेच ते ताडून पाहिलं. असे लोक बरेचदा पगाराविना काम करतात, एक्सझेड सांभाळणारा मूळ माणूस तर एकटाच होता आणि थकलेला होता. म्हणून मी दिवाळीत मिंटला थोडे पैसे पाठवते. जास्त नाही, पण पाठवते.

दुसरी मशीन अजून विंडोजवरच आहे, यावेळी विकत घेतलेलं, कारण एका पोर्टलला डिजिटल सहीची डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायची किल्ली, लागते आणि ती माझ्याकडे लिनक्सवर चाललीच नाही. त्या मशीनवर तेवढंच काम करते, बाकी काही उघडत नाही.

लोकांचे कागद आता मी ठेवत नाही. काम झालं की त्यांच्यासमोर डिलीट, आणि जिथं चालते तिथं मास्क केलेलं आधार काढून देते, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ईमेलचा पासवर्ड गिऱ्हाइकाच्याच हातानं टाकायला लावते. माझे स्वतःचे पासवर्ड कीपासएक्ससी या पासवर्ड जपणाऱ्या प्रोग्राममध्ये आहेत, आणि आठवड्याला एक बॅकअप वेगळ्या डिस्कवर, कॉपी झाली की ती डिस्क काढून घरी नेते. सुरुवातीला लोक कुरकुरले की ताई आता फार नियम लावून राहिल्या, पण त्यातले बहुतेक परत येतात.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून ओळखीचे लोक जुने कॉम्प्युटर घेऊन येतात, मुलांच्या अभ्यासाला, दुकानाच्या बिलांना. भंगारात द्यायचे नाहीत असे डबे पुष्कळ आहेत आपल्याकडे. मी आधी विचारते काय काय काम करता, डोंगलवालं किंवा टॅलीसारखं काही असलं तर स्पष्ट सांगते की हे तुमच्यासाठी नाही. बाकीच्यांना टाकून देते, पैसे घेत नाही, फक्त ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह आणा आणि अर्धा तास बसायची तयारी ठेवा, कारण ती ६४ अक्षरं तुम्हालाच वाचायला लावणार आहे.