उरलेले सात टक्के

हॉस्पिटलमध्ये पीएसए ऑक्सिजन प्लांट (दाब कमी-जास्त करून हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करणारा) चालू करून दिला की डॉक्टर, सिस्टर, कधी पेशंटचे नातेवाईकही शुद्धतेचा मीटर बघून विचारतात, "९३च टक्के? सिलिंडरचा तर ९९च्या वर असतो. उरलेले सात कुठे गेले?" तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

त्या सातांत मोठा वाटा अरगॉनचा. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि जेमतेम एक टक्का अरगॉन. प्लांटच्या टॉवरमध्ये झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे दाणे भरलेले असतात. (नाशिक-पुण्याकडच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत नैसर्गिक झिओलाइटचे फार देखणे स्फटिक मिळतात, टॉवरमधलं कारखान्यात बनवलेलं.) दाब वाढला की हे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे जातो. पण अरगॉन आणि ऑक्सिजन यांच्यात त्यांना फारसा फरकच कळत नाही. म्हणून नायट्रोजन पुरता काढला तरी आकडा पावणेशहाण्णवच्या आसपास अडतो.

मग निदान ९५ का नाही? टॉवर दोन असतात. एक काम करत असताना दुसऱ्याचा दाब सोडून नायट्रोजन बाहेर टाकायचा, आणि तो धुऊन काढायला तयार ऑक्सिजनातलाच थोडा वापरायचा. शेवटचे दोन टक्के मिळवायचे तर तितक्याच विजेत ऑक्सिजन कमी हाती येतो. पेशंटसाठी ९३ चालतो, औषधांची मानकं ठरवणाऱ्या औषधकोशालाही मान्य आहे. वॉर्डात कमी पडू न देणं मला जास्त मोलाचं वाटतं.

सगळा खेळ दाण्यांचा. एप्रिल २०२१मध्ये आयआयटी मुंबईत नायट्रोजनच्या प्लांटमधली कार्बनची चाळणी (ऑक्सिजन धरून ठेवणारे कार्बनचे दाणे) काढून झिओलाइट भरलं, आणि तोच प्लांट ऑक्सिजन देऊ लागला.

पण झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाणी कितीतरी जास्त प्रिय, म्हणून टॉवरच्या आधी ड्रायर लागतो. कोकणातल्या एका हॉस्पिटलात ऐन जुलैत ड्रायरचा ड्रेन तुंबला. कुणाच्या लक्षात येईपर्यंत ओल टॉवरात शिरली होती. प्युरिटी ८२वर आली. असं शिरलेलं पाणी दाब सोडून जात नाही, दाणे चांगले तापवावे लागतात, आणि टॉवरमध्ये ती सोय नसते. सगळे दाणे बदलले. तोवर वॉर्ड सिलिंडरवर होता. आता प्लांट सोपवताना मी ऑपरेटरला आधी ड्रेन उघडून दाखवायला सांगतो, मीटर नंतर.