कापराची पुरचुंडी

आज आईच्या उशाखाली कापूर, ओवा, लवंगांची पुरचुंडी सापडली. "हुंगलं की ऑक्सिजन वाढतो म्हणे." मेसेज आमच्या एम.एस्सी.च्या ग्रुपवरचा. मीच तिला पाठवलेला, रात्री दोनला, नीट न वाचता.

कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. मला माहीत होतं हे! पण कोरोनाच्या या एप्रिलमध्ये, २०२१ च्या, झोपच येत नाही. हॉस्पिटलमधल्या रिकाम्या बेडच्या याद्या बघता बघता अंगठा आपोआप फॉरवर्ड करत सुटतो.

तिचं नेलपॉलिश पुसून ऑक्सिमीटर लावला. ऑक्सिजन ९७ टक्के. चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर लगेच डॉक्टरांना फोन, हे दोनदा बजावलं.

ती एवढंच म्हणाली, "तू पाठवलंस म्हणून खरं मानलं गं."

तुमचं पाठवलेलं घरात कोण असं डोळे मिटून खरं मानतं?